मशीन विचार करतंय

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते स्वतःच्याच घराच्या दाराला कान लावून उभे होते.

शाळेतून निवृत्त होऊन मी या मजल्यावर राहायला आले, त्याला फार दिवस झाले नव्हते. एका ओळीत तीन घरं, समोर लांब सामाईक गॅलरी, तिला लोखंडी कठडा आणि एका टोकाला जिना. जिन्याकडचं घर त्यांचं, शेवटचं माझं. मी पायपुसणं झटकायला बाहेर आले होते. पाहते तो एक उंच, किंचित वाकलेला गृहस्थ डोळे मिटून दाराच्या फळीला कान लावून उभा. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि सुतार कानावर पेन्सिल खोचतो तसा एक बारीक, मऊ केसांचा ब्रश कानावर खोचलेला.

"आत कोणी आजारी आहे का?" मी विचारलं.

ते दचकले. "नाही, नाही. मशीन विचार करतंय."

"काय करतंय?"

"विचार. म्हणजे काँप्युटर हो. काम दिलंय त्याला. घरघर थांबली की झालं समजायचं." मग, शेजारधर्म आठवल्यासारखं, "तुम्ही नव्या आलात ना? तुमच्या मोरीतला नळ जपून फिरवा हं. आधीचे लोक होते तेव्हा एकदा तो—"

आतली घरघर थांबली. वाक्य तिथेच टाकून ते आत गेले आणि दार लागलं. नळाचं पुढे काय झालं होतं ते मला यथावकाश प्लंबरकडून कळलं.

इमारतीतली मुलं त्यांना डागकाका म्हणत. जुने, फाटके, ओल लागलेले, बुरशीने खाल्लेले फोटो पुन्हा माणसात आणणं हा त्यांचा धंदा. कोणाच्या आजीचा गाल वाळवीने नेलेला असायचा, कोणाच्या लग्नाच्या फोटोवर कपाची गोल खूण असायची. तरुणपणी ते एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायचे. पुढे अंधाऱ्या खोल्या बंद पडल्या. मालकाने त्यांना काढलं नाही, एक काँप्युटर दिला आणि सांगितलं, घरी बसून करा. तेव्हापासून ते घरी बसून करत होते. कानावरचा ब्रश तेवढा जुन्या सवयीने राहिला होता. गिऱ्हाइकं स्टुडिओत यायची, फोटो इंटरनेटच्या तारेवरून घरी यायचे, दुरुस्त होऊन तारेवरूनच परत जायचे. ज्यांच्या घरातली मयत माणसं ते रोज उजळवत होते, त्यातल्या एकाही जिवंत माणसाशी त्यांची गाठ पडत नसे.

लग्न केलेलं नव्हतं. आई होती तोवर घरात दोन आवाज होते. ती गेल्यावर एकच, तोही काँप्युटरचा.

ते घुमे होते असं मात्र कोणी म्हणू नये. चाळीस वर्षं वर्गात काढल्यामुळे न बोलणाऱ्या मुलांचे प्रकार मला माहीत आहेत. काहींना बोलायचंच नसतं. काहींना सुरुवात कशी करावी ते कळत नाही. यांचा प्रकार तिसरा होता. सुरुवात त्यांना छान जमायची, शेवट जमायचा नाही. आपण बोलतोय ते समोरच्याला कधी पुरे वाटेल, 'बरं, येतो' कधी म्हणायचं, आधी म्हटलं तर राग येईल का, उशिरा म्हटलं तर कंटाळा आला असेल का, या धास्तीपायी ते लोकांत जातच नसत. शेजारच्या लग्नाला गेले नाहीत, भाचीच्या घरच्या वास्तूला गेले नाहीत. जिथून निघावं लागेल अशा ठिकाणी जायचंच नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता.

ही अडचण काँप्युटरने सोडवली होती. तो जुना होता आणि त्याची मेमरी तोकडी होती. मोठा फोटो उघडून त्यावर चार थर चढवले की तो अडायचा, घरघर करत बसायचा. तेवढ्यात हे गॅलरीत यायचे. घरघर थांबली की जायला भाग. कोणाला वाईट वाटायचं कारण नाही, स्वतःला संकोच नाही. मशीनने बोलावलं, गेलो.

आणि बाहेर येऊन ते बोलायचे ते मुख्यतः मधल्या घरातल्या ताईंशी.

ताई कवळ्या बनवायच्या. सकाळी दोन-तीन दातांच्या डॉक्टरांकडे फिरून लोकांच्या तोंडाची मापं घेऊन यायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. घरी आल्या की त्यात प्लास्टर ओतायचं, साचा करायचा, मग मेणात दात लावायचे आणि पुढचं सगळं. नवऱ्याबरोबर हा धंदा सुरू केला होता. नवरा गेला, धंदा राहिला. बाई ठसठशीत, आवाज खणखणीत, आणि हातांना कोपरापर्यंत सदा पांढरी भुकटी. सगळा मजला त्यांना ताई म्हणायचा. ते मात्र कधी म्हणाले नाहीत. ते त्यांना काहीच म्हणायचे नाहीत. बोलणं सुरू करायचं झालं की म्हणायचे, "हे पाहा."

प्लास्टर ओतलं की धरेपर्यंत थांबावं लागतं. तो ट्रे तळहातावर घेऊन ताई कठड्याशी येऊन उभ्या राहायच्या. प्लास्टर धरायला लागलं की तापतं, तापून पुन्हा निवलं की झालं. ते तळव्याला कळतं. एकाचा कान दाराकडे, एकीचा हात साच्याखाली, आणि मध्ये कठड्यावर थोडं ऊन, असं ते दृश्य मी किती वर्षं पाहिलं ते आता सांगता येणार नाही.

"काय कलाकार, मशीन विचार करतंय वाटतं?" ताई विचारायच्या.

"करतंय."

"बरंय बाई. आमच्याकडे विचार करायला कोणी नाही."

अर्धवट राहिलेलं बोलणं दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू व्हायचं. कालचं 'म्हणून मी त्याला म्हटलं' आज 'की हा दात तुझा नव्हेच' असं पुरं व्हायचं. मधे एक रात्र गेली आहे याची दोघांनाही दखल नसे.

एकदा ते एक फोटो कागदावर छापून हातात घेऊन बाहेर आले. कोणाचेतरी आजोबा. बाकी सगळं शाबूत, पण ओल लागून तोंडाच्या जागी नुसता पांढरा डाग.

"हे पाहा. हसतोय एवढं नक्की, गाल वर गेलेत. पण दात कसे असतील?"

ताईंनी ट्रे डाव्या हातावर घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "वरचा ओठ पुढे आलाय. पुढचे दोन मोठे असणार. आणि इकडची एक दाढ नसणार."

"कशावरून?"

"गाल बसलाय की आत. एकाच बाजूने चावणारा माणूस आहे."

"मग हसण्यात फट दाखवू का भरून काढू?"

"दाखवा, दाखवा. सगळ्यांना आपले बापजादे बत्तीस दातांचे हवे असतात."

"तुम्ही नाही का बत्तीस बसवत?"

"अठ्ठावीसच बसवते. अक्कलदाढा आजवर कोणी मागितल्या नाहीत."

ते हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. मी त्यांना तसं हसताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग घरघर थांबली आणि ते आत गेले. ताई तळव्यावरचा साचा चाचपत उभ्या राहिल्या. तो केव्हाच निवला असावा, पण आत जायला त्यांनी बराच वेळ घेतला.

डागकाकांच्या दिवसातलं दुसऱ्या माणसाशी होणारं बोलणं एवढंच होतं. भाची महिन्यातून एखादा फोन करायची, स्टुडिओवाला कामापुरता. बाकी सगळं त्या घरघरीच्या भरवशावर चाललं होतं.

मग स्टुडिओने नवा स्कॅनर घेतला. फोटो पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे होऊन यायला लागले. कापडाचा धागान् धागा दिसायचा, आणि तेवढाच भार काँप्युटरवर पडायचा. पूर्वी तो विचार करायचा, आता बेशुद्ध पडायला लागला. एकदा एका मोठ्या कुटुंबाचा फाटून चार तुकडे झालेला फोटो त्यांनी आठवडाभर जोडत आणला होता. शेवटच्या रांगेतल्या मुलांचे पाय करायचे राहिले होते. मशीन जे अडलं ते अडलंच. बंद करून पुन्हा सुरू केलं तर त्या दिवसभराचं सगळं काम गेलेलं.

स्टुडिओचा मालक स्वतः तीन मजले चढून आला. धापा टाकत गॅलरीतच स्टुलावर बसला.

"तुमच्या हाताला तोड नाही हो," तो म्हणाला, "पण गिऱ्हाईक हाताला बघत नाही, घड्याळाला बघतं. दुसरीकडे एक बाई आहेत, सकाळी दिलं की संध्याकाळी करून देतात. काम तुमच्याइतकं नाही त्यांचं. पण करून देतात ना. आता तुम्हीच सांगा मी काय करू?"

यांनी कानावरचा ब्रश काढला आणि पुन्हा खोचला. 

"नवं मशीन घ्या म्हणत नाही मी. त्यात मेमरी तरी वाढवा. महिनाभर बघतो, नाहीतर मला तिकडे वळावं लागेल."

तो गेल्यावर ताई म्हणाल्या, "वाढवून घ्या की. भाची आहे ना तुमची त्यातली? काम गेलं तर काय गॅलरीत कबुतरं मोजणार आहात?"

"वाढवतो," ते म्हणाले.

भाची रविवारी आली. बँकेतल्या काँप्युटरांची देखभाल करते. चटपटीत, तोंडाळ, मामावर जीव असलेली मुलगी. काँप्युटरचं एका बाजूचं झाकण काढून तिने आत टॉर्च मारला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मामा, दोनच जीबी! अरे माझ्या फोनमध्ये याच्या तिप्पट आहे!"

"फोटो होतात की त्यावर."

"होतात, पण कसे होतात ते त्या बिचाऱ्याला विचार." मग दारात उभी राहून पाहणाऱ्या माझ्याकडे वळून, "बाई, तुम्ही सांगा याला शिकवल्यासारखं. स्वयंपाकाचा ओटा लहान असला तर काय होतं? चार भांडी मावतात. पाचवं ठेवायचं तर एक उचलून आतल्या कपाटात. मग तेच हवं झालं की हे कपाटात टाकून ते बाहेर. स्वयंपाक कमी आणि ये-जा जास्त. ही मेमरी म्हणजे ओटा, आणि ती डिस्क म्हणजे कपाट. ती घरघर ऐकतोस ना तू, ते कपाटाचं दार आहे. उघड-मीट, उघड-मीट."

"म्हणजे विचार नाही करत ते?"

"विचार कसला, हमाली करतंय."

त्यांना हे नवीन होतं. इतकी वर्षं आपण ज्याला विचार म्हणत आलो ती हमाली निघाली, याचं त्यांना जरा वाईट वाटलेलं दिसलं.

तिने जुन्या पट्ट्या काढल्या आणि बोटाएवढ्या लांबीच्या दोन नव्या हिरव्या पट्ट्या खाचेत दाबून बसवल्या. बटण दाबलं. पडदा काळाच. आतून नुसतं पीं, पीं, पीं.

"गेलं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

आवाज ऐकून ताई दारात आल्या. "काय झालं?"

"नवी मेमरी ओळखत नाहीये," भाची म्हणाली.

"दात नीट बसला नसेल. काढा, हिरडी पुसा, परत बसवा."

"ताई, अगदी बरोब्बर! कोणाकडे खोडरबर आहे का?"

माझ्याकडे खोडरबराला तोटा नाही. मी आणून दिला. पट्टीच्या कडेचे सोनेरी दाते भाचीने खोडरबराने घासले आणि पट्टी पुन्हा दाबली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्कन लागल्या. या वेळी पडदा उजळला. आम्ही चौघंही त्या लहानशा खोलीत टाळ्या वाजवल्यासारखे हसलो. ताईंनी तेवढ्यात खोलीभर नजर फिरवून घेतली. भिंतीवर एकही फोटो नव्हता.

"एक सांगते मामा," निघताना भाची म्हणाली. "सुरू व्हायला ते पूर्वीइतकाच वेळ घेणार. ते कपाटाचं काम आहे, ओट्याचं नाही. इंटरनेटही तेवढंच राहील. पण एकदा सुरू झालं ना, की मग तुला मधे थांबावं लागणार नाही."

मग तिने स्वतः एक मोठा फोटो उघडून दाखवला. त्यावर थरावर थर चढवले. काही अडलं नाही. आणि खोलीत आवाज नव्हता. घरघर नव्हतीच. ते कान टवकारून उभे होते, कुठेतरी खालच्या रस्त्यावर गाडीचं दार लागल्याचं ऐकू आलं.

भाची म्हणाली तसंच झालं. काम सुरळीत व्हायला लागलं. चार दिवसांचा फोटो दीड दिवसात जाऊ लागला. मधे थांबावं लागलंच तर चष्मा पुसून होण्याइतकं, उठून बाहेर येण्याइतकं नाही. स्टुडिओवाला खूश झाला आणि दुसऱ्या बाईंकडे वळलेलं कामही इकडे पाठवायला लागला. जिन्याकडचं दार दिवसभर लागलेलं राहू लागलं.

एक वेळ उरली होती. सकाळी मशीन सुरू व्हायला वेळ घ्यायचं, तेवढ्यात ते गॅलरीत येऊन उभे राहायचे. पण त्या वेळी ताई मापं आणायला डॉक्टरांकडे गेलेल्या असत. मी असायची. आम्ही हवेबद्दल बोलायचो. मला ते हवेबद्दल फार छान सांगायचे, पण सांगताना नजर मधल्या दाराच्या कुलपावर असायची.

आणि दुपारी ताई तळव्यावर साचा घेऊन एकट्या उभ्या असायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोन-तीनदा जिन्याकडच्या दाराकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "बाई, त्या पट्ट्यांनी कलाकाराला गिळलं हो."

एका दुपारी मात्र दार उघडलं आणि ते बाहेर आले. कानावर ब्रश नव्हता. सदऱ्याच्या बाह्या सोडून बटणं लावलेली होती. पाहुण्यासारखे येऊन कठड्याशी उभे राहिले. 

"अरे वा!" ताई म्हणाल्या. "मशीन विचार करतंय वाटतं?"

'हो' म्हटलं असतं तर सगळं पूर्ववत झालं असतं. कोणी तपासायला जाणार नव्हतं. पण त्यांना खोटं बोलता येत नसे.

"नाही," ते म्हणाले. "आता करत नाही."

"मग?"

मशीन बोलावत नव्हतं, म्हणून आत जायला कारण नव्हतं; आणि त्याने पाठवलं नव्हतं, म्हणून बाहेर उभं राहायलाही. त्यांनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली, बोट पाहिलं, "काम आहे," असं म्हणाले आणि गेले.

त्यानंतर काही दिवसांनी डागकाकांनी एक गोष्ट करायला सुरुवात केली. ती लगेच माझ्या लक्षात आली नाही. ताई परतून प्लास्टर कालवायला लागल्या की त्यांच्या घरातून वाटीत पळी घासल्याचा आवाज यायचा. तो आवाज थांबला की जिन्याकडचं दार उघडायचं.

"मशीन सुरू होतंय," ते सांगायचे.

"आत्ता? दुपारचं?"

"बंद केलं होतं. आता सुरू होतंय."

ते खरं होतं. आतून पूर्वीची घरघर ऐकू यायची. कपाटाचं दार उघडत-मिटत असायचं. पुन्हा एकाचा कान दाराकडे आणि एकीचा हात साच्याखाली. एका डॉक्टरने कोणाच्या तोंडात कोणाची कवळी बसवली आणि दोन्ही पेशंट खूश कसे झाले, ही हकिगत तीन दुपारी चालली. मग घरघर थांबायची आणि ते जायचे.

ताई काही खुळ्या नव्हत्या, पण यंत्राच्या बाबतीत भाबड्या होत्या. एक दिवस त्यांनी विचारलंच.

"काय हो कलाकार, रोज दुपारी बंद कशाला करता त्याला? एवढी मेमरी घातली, सुसाट पळतंय, आणि तुम्ही भर कामात त्याला झोपवता."

त्यांनी दाराकडे पाहिलं. दाराने काही मदत केली नाही.

"हे पाहा," ते म्हणाले. "सुरू व्हायला वेळ लागतो त्याला."

"तेच म्हणते मी. वेळ लागतो, मग बंद कशाला कर—"

ताई थांबल्या. तळव्यावरच्या ट्रेकडे बघत राहिल्या. मी माझ्या दारात लसूण सोलत होते; मी पाकळ्यांवरची नजर उचलली नाही. वर्गात एखाद्या मुलाने खूप दिवसांनी हात वर केला की त्याच्याकडे पटकन बघायचं नसतं.

"हं," ताई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "माझंही आज हळूच धरतंय. पाणी जास्त झालं वाटतं."

जास्त पाण्याचं प्लास्टर उशिरा धरतं, आणि कच्चंही राहतं. ताईंच्या हातून पाणी जास्त झालेलं त्याआधी मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर मात्र बऱ्याचदा झालं. कच्चे साचे मोडायचे, मग पुन्हा माप, पुन्हा फेरी. एका डॉक्टरने तक्रार केली तर ताईंनी त्यालाच झापलं.

ते दिवस चांगले गेले. त्यांच्यात याहून जास्त काही झालं नाही, आणि मला वाटतं दोघांनाही ते होण्याची घाई नव्हती. पुढे कधीतरी ते मधल्या दारातून आत गेले असते, चहाला बसले असते, निघायची वेळ ताईंनीच त्यांना सांगितली असती. ताईंना सांगता आलं असतं.

पण ताईंची थोरली बहीण मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिला मूलबाळ नाही, आणि गाव इथून रात्रभराच्या प्रवासाचं. ताई आधी पंधरा दिवसांसाठी म्हणून गेल्या. परत आल्या त्या घर आवरायला. मेण, दातांचे डबे, उकळायची भांडी, सगळं खोक्यांत गेलं. तिकडेही दातांचे डॉक्टर आहेत म्हणाल्या.

त्या निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी खाली येऊन उभी होती. जिन्याकडचं दार उघडलं आणि ते बाहेर आले. ब्रश कानावर होता. काम अर्धं टाकून आले होते हे दिसत होतं.

ताईंनी कान देऊन ऐकलं. आतून काही आवाज नव्हता.

"मशीन चालू आहे?"

"चालू आहे."

"काम?"

"आहे. राहू दे."

ताईंनी थट्टा केली नाही. यांनी सगळ्यांत जड खोकं, प्लास्टरचं, उचललं आणि तीन मजले उतरून टॅक्सीत ठेवलं. मी मागोमाग पिशवी घेऊन गेले. ताई आत बसल्या आणि काच खाली केली.

"या हो तिकडे एकदा. बहिणीकडे काँप्युटर नाही. वेळच वेळ आहे."

"येतो."

"नुसतं येतो नको. या."

"हो."

टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली. आम्ही दोघं फुटपाथवर उभे होतो. बराच वेळ ते हलले नाहीत. मग खाली वाकून, अगदी हळू आवाजात, त्यांनी मला विचारलं,

"बाई, आता जायचं ना वर?"

"हो, जाऊ या," मी म्हटलं.

मधल्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. दोघंही सकाळी बाहेर पडतात ते अंधार पडल्यावर येतात. भली मुलं आहेत, पण त्यांचं दार मी उघडं असं पाहिलेलं नाही.

ताईंचा मला अधूनमधून फोन येतो. बहीण काठी घेऊन चालायला लागली आहे. "कलाकार काय म्हणतात?" ताई विचारतात. "कामात आहेत," मी सांगते. एकदा मी डागकाकांना म्हटलं, भाचीला सांगून तिकीट काढून घ्या, जाऊन या. त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "जाईन हो. पण तिथून निघायचं कधी?" मी म्हटलं, ताई सांगतील. त्यावर त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते मला कळलं नाही. अजून गेलेले नाहीत.

स्टुडिओचं सगळं काम आता त्यांच्याकडेच येतं. मुलं त्यांना अजून डागकाकाच म्हणतात, पण ती त्यांना फारशी पाहत नाहीत. ते सकाळी मशीन सुरू करतात, संध्याकाळी दिवे लागल्यावर बंद करतात. दुपारी ते चालूच असतं.